चायनीज बफेत पहिली फेरी रिकाम्या हाताने मारायची

आमच्या घरात बाहेर जेवायला जायचं म्हटलं की कुठे जायचं यावरच अर्धा तास जातो. बाबा कुडाळचे, त्यांना मासे पाहिजेत. आई मासे खाते पण वार पाळते, आणि तिच्या पाळायच्या वारांची यादी दरवर्षी वाढते. बायको शाकाहारी, अंडं चालतं पण केकमधलं, डोळ्यांना दिसणारं नाही. मुलगा सात वर्षांचा, नूडल्स आणि आईस्क्रीम सोडून तिसऱ्या गोष्टीला हात लावत नाही. उरलो मी, म्हणजे बिल भरणारा. आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो, इथे आता इंडियन रेस्टॉरंटं ढीगभर झालीत पण पाच जणांचं बिल टिप धरून सव्वाशे डॉलरला जाऊन टेकतं आणि एवढं करून बाबा म्हणणार सुरमई ताजी नव्हती. तर या सगळ्यावर आमचा ठरलेला उपाय म्हणजे चायनीज बफे, माणशी ठरलेले पैसे द्यायचे आणि मांडलेल्यातलं हवं तितकं आपणच वाढून घ्यायचं. यावेळी आई-बाबा इकडे आलेत म्हणून त्यांना घेऊन गेलो, ती सगळी हकीकत लिहितोय, म्हणजे ज्यांचे आई-बाबा यायचेत त्यांना उपयोग होईल.

नाव मुद्दामच लिहीत नाही, आणि लिहून फरकही पडत नाही, कारण ग्रँड, गोल्डन, ड्रॅगन, किंग, चायना यातले कुठलेही दोन शब्द उचलले की अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या बफेचं नाव तयार होतं. जागाही ठरलेली. हायवेच्या कडेला लांबलचक दुकानांची रांग, एका बाजूला डॉलरवालं दुकान, दुसऱ्या बाजूला लाँड्री, समोर अवाढव्य पार्किंग. आत गेलं की माशांची टाकी, हात हलवणारं सोनेरी मांजर (ते खरं तर जपानी, पण कोण विचारतंय), भिंतीवर धबधब्याचं लाइट लागणारं चित्र आणि लाल रेक्झिनचे सोफे. तळणीचा आणि सोया सॉसचा एकत्र वास दारातच येतो आणि तो दुसऱ्या दिवशीपर्यंत जॅकेटला राहतो, म्हणून चांगलं जॅकेट घालून जाऊ नका.

आधी रेट बोर्ड नीट वाचायचा. लंच आणि डिनरचे रेट वेगळे असतात, आमच्या इथे लंच तेरा आणि डिनर अठरा डॉलर आहे, लंच साडेतीनला संपतो, आणि रविवारी दिवसभर डिनरचाच रेट. मुलांचे पैसे वयावर. साठच्या वरच्यांना दहा टक्के सूट असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, ते बाबांनी माझ्या आधी वाचलं आणि खिशातून आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. काउंटरवरच्या चिनी मावशींनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं, त्यावर देवनागरीत लिहिलेलं, त्यांना काय कळलं माहीत नाही, पण हसून परत दिलं आणि दोघांना सूट लावली. कोकचे पैसे वेगळे, रिफिल फुकट. पाणी फुकट, पण ग्लास बर्फाने काठोकाठ भरून येतो म्हणून 'नो आईस' आधीच सांगायचं, नाहीतर आई तो ग्लास दोन्ही हातात धरून वितळायची वाट बघत बसते.

वेळेबद्दल एक सांगतो, हे मी बऱ्याच बफेंमध्ये खाऊन शिकलोय. आपल्याला वाटतं गर्दी नसताना जावं, निवांत जेवावं. उलट आहे. बफेत गर्दीच्या वेळीच जायचं. गर्दी असली की ट्रे दहा मिनिटांत संपतो आणि आतून नवा येतो, कढईतून काढलेला. तीन वाजता गेलात तर तोच ट्रे दीड तास वाफेवर बसलेला असतो आणि कुरकुरीत चिकनचा सॉसमध्ये लगदा झालेला असतो. नियमाप्रमाणे गरम पदार्थ 135 फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या 57 डिग्रीच्या खाली जाऊ द्यायचे नसतात, ट्रेच्या खाली गरम पाणी असतं ते त्यासाठीच, तेव्हा पोट बिघडायची भीती सहसा नाही, पण चव जाते ती जातेच. रविवारी चर्च सुटल्यावर बारा-साडेबाराला जी झुंबड उडते ती सगळ्यात भारी वेळ. गोरी म्हातारी जोडपी चर्चच्या कपड्यांत, मेक्सिकन कुटुंबं सात-आठ पोरं घेऊन, कन्स्ट्रक्शनवाले, आणि आपण.

टेबलावर कागदी मॅट असते, तिच्यावर बारा प्राण्यांची चिनी राशी आणि जन्मसालं छापलेली. बाबा 1956 चे, म्हणजे माकड. बायको 1988, ड्रॅगन, ती खूश. मुलाने बोट फिरवत आजीचं 1959 शोधलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला, "आजी डुक्कर आहे!" आईने मॅटवरचं चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मॅट उलटी करून ठेवली. खाली लिहिलं होतं की या सालात जन्मलेले लोक उदार आणि प्रामाणिक असतात, ते मी मोठ्याने वाचून दाखवलं, काही उपयोग झाला नाही.

आता मुख्य मुद्दा. पहिली फेरी रिकाम्या हाताने मारायची. प्लेट घ्यायचीच नाही. कारण सुरुवातीलाच सूप, मग भात, नूडल्स, तळलेली वाँटनं, गोड पाव असलं पोट भरणारं स्वस्त सामान मांडलेलं असतं आणि महागाचं सगळं शेवटच्या टेबलावर, कोपऱ्यात. तो योगायोग नाही, धंदाच तसा चालतो. भात आणि लो मेनला, म्हणजे सॉसमध्ये परतलेल्या नूडल्सला, त्यांना जवळजवळ काही खर्च नाही, चिकन सॉसमध्ये बुडवलेलं, वाढपी जवळजवळ नाहीत, आणि नफा कोकमध्ये. जो माणूस पहिल्याच टेबलावर फ्राइड राइसचा डोंगर करतो त्याच्याच जिवावर शेजारचा खेकडे खाऊन जातो. हे मी आईला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि पांढरा भात वाढून आली. भाताशिवाय जेवण कसलं, आणि चायनीज लोक भातच खातात ना, मग? यावर उत्तर नाही.

काचेखाली वाकून सगळं बघून घ्यायचं. ती जी तिरकी काच असते ना ट्रेच्या वर, लोकांनी शिंकू-खोकू नये म्हणून, ती जॉनी गार्नो नावाच्या माणसाने 1959 मध्ये काढली, तो स्वतःच असली पोटभर खायची रेस्टॉरंटं चालवायचा आणि गिऱ्हाइकं अन्नावर नाकं घालतात ते बघून वैतागलेला. काचेवर चिकटवलेली पाटी असते, प्रत्येक फेरीला नवीन प्लेट घ्या, वापरलेली प्लेट परत आणू नका. आईला आख्ख्या अमेरिकेत आजवर सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही. "ह्यांका उष्टां-खरकटां कळता वाटता," म्हणाली आणि त्यानंतर जरा मोकळी झाली. मी तिला हे सांगितलं नाही की चिमटे मात्र कोणीही कुठल्याही ट्रेत ठेवून जातं.

शाकाहारी मंडळींनी हा चिमट्यांचा प्रकार लक्षात ठेवायचा. ब्रोकोलीच्या ट्रेत बीफचा चिमटा हमखास सापडतो. आणखी सांगतो, एग ड्रॉप सूप आणि हॉट अँड सावर सूप दोन्ही बहुतेक ठिकाणी चिकनच्या किंवा पोर्कच्या पाण्यात करतात, वर तरंगणारं टोफू बघून फसायचं नाही. व्हेज लो मेनमध्ये ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, असू शकतो. फरसबी कधीकधी खिम्यात परततात. ती रंगीत लाल-हिरवी जेली पण नाही, त्यात जिलेटिन, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांचं. आणि जे बीफ खात नाहीत त्यांनी पेपर स्टेक आणि काळपट दिसणाऱ्या मशरूमच्या ट्रेला विचारल्याशिवाय हात लावू नये. मग बायको काय खाते? ती सरळ ग्रिलच्या काउंटरला जाते. तिथे कच्च्या भाज्या, टोफू, नूडल्स आपणच वाडग्यात भरायच्या, सॉस निवडायचा आणि तो माणूस मोठ्या गोल तव्यावर लांब काठ्यांनी आपल्यासमोर परतून देतो. "तवा पुसून, प्लीज" एवढं सांगितलं की तो पाणी ओतून, खरवडून साफ करतो, एकदाही कोणी तोंड वाकडं केलेलं नाही. या प्रकाराला मंगोलियन बार्बेक्यू म्हणतात पण मंगोलियाचा संबंध शून्य, 1951 मध्ये तैपेईत वू झाओनान नावाच्या माणसाने सुरू केलं, आणि तो पेशाने विनोदी कलाकार होता.

हे सांगितलं की बायको सुरू होते, मग यातलं खरं चायनीज काय आहे? खरंच फारसं काही नाही. जनरल त्सो चिकन घ्या, ते लालसर चकचकीत गोड-तिखट, जे बफेत सगळ्यात आधी संपतं. जनरल त्सो खरा होऊन गेला, चीनच्या चिंग राजवटीतला सेनापती, 1885 मध्ये वारला, त्याने हे कधी तोंडात घातलेलं नाही. हुनानचा एक शेफ, पंग चांगक्वे, 1949 ला तैवानला पळाला, तिथे त्याने ही डिश बसवली, आणि त्याची मूळची गोडबिड नव्हती. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तिला साखर लागली. क्रॅब रंगून, म्हणजे वाँटनमध्ये क्रीम चीज आणि नकली खेकडा, याला तर ना चीन ना रंगून, कॅलिफोर्नियाच्या ट्रेडर व्हिक्स रेस्टॉरंटवाल्यांनी फेमस केलेला प्रकार. पण मी म्हणतो, तोंड कुणी वाकडं करावं? आपण. ज्यांची मंच्युरियन 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वँगने आलं-लसूण-मिरचीची फोडणी करून त्यात सोया सॉस ओतून जन्माला घातली. कुडाळ स्टँडवर गाडीवर ट्रिपल शेजवान खाऊन मोठे झालेल्या माणसाने खऱ्या चायनीजवर भाषण देऊ नये. दोन्हीकडे तेच झालंय, चिनी माणूस परमुलखात गेला आणि गिऱ्हाइकाच्या जिभेला काय लागतं ते बघून कढई लावली, इथल्या जिभेला साखर लागली, आपल्याला लसूण.

आणि ती कढई तरी हौसेने लागली का? इथे 1882 मध्ये कायदा करून चिनी मजुरांना यायलाच बंदी केली होती, तो कायदा 1943 पर्यंत राहिला. व्यापाऱ्यांना मात्र सूट होती. मग 1915 मध्ये कोर्टाने रेस्टॉरंटवाल्यालाही व्यापारी म्हणून मान्य केलं आणि त्यानंतर चिनी रेस्टॉरंटं भराभर वाढली. म्हणजे कुणाला स्वयंपाकाची आवड होती म्हणून नाही, व्हिसा त्याच खिडकीतून मिळत होता म्हणून. मला हे वाचल्यापासून फार जवळचं वाटतं. आमच्या गल्लीतले आपले सगळे सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते काय सगळ्यांना कोडिंगची उपजत ओढ होती म्हणून? एच-वन व्हिसा ज्याला मिळतो ते आम्ही झालो. आजही बफेत काम करणारे बरेच लोक फूच्यान प्रांतातले असतात, न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमध्ये नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीत जायचं, भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवर एरिया कोड (फोन नंबरचे पहिले तीन आकडे, त्यावरून भाग कळतो), पगार आणि बसने किती तास हे बघायचं आणि रात्रीच्या बसने ओहायोला की अलाबामाला ते त्या तीन आकड्यांवरून ठरवायचं. राहायची सोय मालकाची, एका घरात सगळे.

दुपारची गर्दी ओसरली तसा हे लोक जेवायला बसले, कोपऱ्यातल्या गोल टेबलावर. त्यांच्या ताटात बफेतलं एकही काही नव्हतं. पांढरा भात, आल्याच्या बारीक सळ्या घालून वाफवलेला अख्खा मासा, एक हिरवी पालेभाजी लसणावर परतलेली, बास. बाबांची नजर त्या माशावरून हलेना. "आपणाक ह्या कित्याक देत नाय?" हा प्रश्न मला कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा बरोबर वाटला. शेजारच्या टेबलावर दोन बायका प्लास्टिकचा टब मधे ठेवून फरसबी मोडत होत्या, दोन्ही टोकं अंगठ्याने कटकन उडवायची, शेंग टबात, टोक पेपरवर, मान वर न करता आपसात गप्पा चालू. आई सोफ्यावर अर्धी वळून त्यांचे हात बघत बसली, भाषा कळत नसूनही ती त्या गप्पांत असल्यासारखी. मग हळूच म्हणाली शिरा काढत नाहीत. मी म्हटलं इथल्या फरसबीला शिरा नसतात. पटलं नाही तिला.

खेकडे. म्हणजे स्नो क्रॅबचे पाय, ज्यासाठी डिनरचा रेट द्यायचा. ट्रे आतून आला की माणसं उठतात, पळत नाहीत पण चालायचा वेग बघण्यासारखा असतो, आणि पहिला माणूस चिमट्याने प्लेटवर रचून रचून असा डोंगर करतो की मागच्याला रिकामा ट्रे आणि बर्फाचं पाणी. 2022 मध्ये अलास्कात बेरिंग समुद्रातले स्नो क्रॅब इतके घटले की त्यांनी तो सीझनच पहिल्यांदा रद्द केला, त्या सुमाराला काही बफेवाल्यांनी पाय द्यायचे बंद केले, काहींनी वेगळे पैसे लावले. आमच्याकडे रविवारी मिळतात. वार आडवा नव्हता, त्यामुळे आईपण तयार. बाबांनी प्लेटकडे बघितलं.

"नुसते पायच? कुर्ली खंय गेली?"

मी म्हटलं इथे असंच असतं. समोरच्या टेबलावर एक दणकट गोरा माणूस अडकित्त्यासारखं काहीतरी घेऊन पाय फोडत होता, कवचाचे तुकडे चोहीकडे आणि हातात मांसाचा चुरा. बाबांनी अडकित्त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सांध्याच्या थोडं अलीकडे दोन्ही अंगठे लावले, एकदा या बाजूला वाकवलं, एकदा त्या बाजूला, कवच तिथे बरोबर मोडलं, आणि हलकेच ओढलं तर आतला अख्खा लांब तुकडा टोकासकट बाहेर. कवच डाव्या बाजूला रांगेत. हे सगळं मान खाली घालून, बोलणं बंद. समोरचा माणूस दोन पाय होईस्तोवर बघत होता, मग उठून आला, बाबांच्या शेजारी उभा राहिला आणि खुणेने विचारलं कसं? बाबांनी त्याच्या हातातला पाय घेतला, करून दाखवला, दुसरा त्याला करायला लावला. चुकला तर "नो नो, हियर" म्हणून अंगठा धरून जागा दाखवली. बाबांना इंग्रजी येत नाही असं ते स्वतःच सांगत असतात.

चवीबद्दल त्यांचं मत वेगळं. मांस गोड आहे पण मीठ समुद्राचं नाही, आणि वितळलेल्या लोण्यात कुर्ली बुडवून खाणं म्हणजे कुर्लीचा अपमान. मग त्यांनी वाटीत लाल तिखटाचं तेल, लिंबू आणि थोडा सोया सॉस कालवला, त्यात बुडवून खाल्लं, वाटी आईपुढे सरकवली, आणि तिने पहिल्यांदाच त्या दिवशी काही बोलल्याशिवाय खाल्लं. मी सुशीच्या टेबलावर गेलो होतो, तिथे फारसं काही नाही, क्रॅब स्टिकची रोल्स, ज्यात क्रॅब नाही, पोलॉक मासा.

मुलाचं जेवण सांगायचं तर लो मेन, साखरेत घोळवलेले गोल डोनट, सॉफ्ट सर्व्ह. ते आईस्क्रीमचं मशीन हेच त्याच्या लेखी रेस्टॉरंट. व्हॅनिला, चॉकलेट आणि मधल्या दांड्याने दोन्ही मिक्स. दांडा सोडायचा कधी ते कळत नसल्यामुळे कोन तिरका होऊन पडला, आतून एक मुलगा फडकं घेऊन आला, काही न बोलता पुसलं आणि याला दुसरा कोन स्वतः भरून दिला. 'ताटात टाकलं तर जादा पैसे' अशी पाटी लावलेली आहे पण ते डोंगर रचून सोडून जाणाऱ्यांसाठी. आईच्या ताटात तसंही काही राहत नाही.

बिल आलं, सोबत फॉर्च्यून कुकीज. त्या पण चिनी नाहीत, जपानी लोकांनी कॅलिफोर्नियात आणल्या. आतल्या चिठ्ठीवर मागे लकी नंबर असतात, आणि हसू नका, 2005 मध्ये पॉवरबॉल लॉटरीत दुसऱ्या नंबरचं बक्षीस एकदम 110 जणांना लागलं, लॉटरीवाल्यांना वाटलं घोटाळा आहे, तपास केला तर बहुतेकांनी एकाच कारखान्यातल्या कुकीचे नंबर लावलेले. बाबांनी हे ऐकून सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या.

टोटल एका कोकसकट टॅक्स धरून शहाऐंशी डॉलर आणि काही सेंट. बफेत टिप दहा टक्के देतात. बाबांचं म्हणणं, वाढून आपण घेतलं, मग टिप कसली? मी टेबलाकडे बोट केलं. कवचांनी भरलेल्या प्लेटी एकावर एक, लोण्याच्या वाट्या, आईस्क्रीम, आणि जी बाई दर पाच मिनिटांनी हे सगळं उचलत होती ती आता शेजारचं टेबल पुसत होती. बाबांनी पाकीट काढलं, माझ्या दहाच्या नोटेवर स्वतःची पाचची ठेवली, आणि वाफवलेला मासा मेनूवर मिळतो का ते काउंटरवर विचारून ये म्हणून मला पिटाळलं. मिळतो. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, माशाचे पैसे वेगळे, आणि आलं जास्त पाहिजे तर तेही फोनवरच सांगायचं असं मावशी म्हणाल्या.